समजा, एक संगणक आहे

मोबाइलच्या पडद्यावर कुलपाचे नऊ ठिपके असतात. त्यांतले निदान चार जोडायचे म्हटले, तर ३ लाख ८९ हजार ११२ निरनिराळ्या रेघा काढता येतात. मराठवाड्यातल्या मंठ्याच्या बाजारपेठेतून हप्त्यावर फोन घेणाऱ्या बापाला दुकानदार हा आकडा सांगत नाही. तरी एवढं कुलूप घातल्यावर घरातलं सात वर्षांचं लेकरू आता पाटीपुस्तक घेऊन बसेल, अशी बापाची समजूत होते. लेकरू फोन उचलतं, दाराशी उजेडात जाऊन तिरपा धरतं आणि भजी खाऊन झालेल्या बापाच्या अंगठ्याने काचेवर तेलाची जी वाट आखून ठेवली आहे, तिच्यावरून आपला अंगठा फिरवतं. कुलूप उघडतं.

याच विद्येवर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये शोधनिबंध लिहिला. कॅमेरे लावून, प्रकाशाचे कोन बदलून, काचेवरच्या तेलकट डागांतून कुलपाची रेघ ओळखता येते का, हे त्यांनी तपासलं. सगळं जुळून आलं तेव्हा ६८ टक्के वेळा त्यांना अख्खी रेघ सापडली. मंठ्यातलं लेकरू याहून सरस ठरायला हरकत नाही. त्याच्याकडे कॅमेरा नसतो, पण निकड असते.

"लय हुशार हाय," बाप पाहुण्यांना सांगतो. "फोनातलं आम्हालाच त्याला इचारावं लागतं." दोन दिवसांनी त्याच ओसरीवर तोच बाप म्हणतो, "ह्या फोननं डोस्कं नासवलं लेकराचं." मध्ये एवढंच घडलेलं असतं, की घटक चाचणीचा पेपर घरी येऊन गेलेला असतो. पेपरातल्या शेतकऱ्याकडे १२ शेळ्या होत्या, त्याने ५ विकल्या, आणि लेकराने उत्तर १७ लिहिलेलं असतं. निरीक्षण, अंदाज, पडताळा, एक वाट चुकली तर दुसरी, हे सगळं ज्या डोक्याने काचेवर करून दाखवलं, तेच डोकं शेळ्या दिसताच बेरीज करून मोकळं होतं.

हे दुखणं एकट्या मंठ्याचं नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात माल विकणारी मुलं किलो-पावशेराचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करून बिनचूक पैसे परत देत होती. तसलाच हिशेब शाळेच्या रीतीने कागदावर मांडून दिला, की तीच मुलं अडखळत होती. उलट, शाळेत गणितं सोडवणाऱ्या मुलांपुढे बाजारातला व्यवहार ठेवला तर ती गांगरत होती. मंठ्याच्या आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या मांडून बसलेल्या एखाद्या पोराशी घासाघीस करून पाहणाऱ्याला हा अभ्यास वेगळा वाचायची गरज पडणार नाही. संगणकाच्या खेळांनी लहान मुलांचं विचार करणं सुधारतं का, या प्रश्नाचा सगळा घोळ याच उंबरठ्यावर आहे. खेळात मूल विचार करतं, यावर वाद नाही. तो विचार खेळातून उठून वहीपर्यंत चालत जातो का, यावर मात्र विद्वानांचं चाळीस वर्षं भांडण चाललं आहे.

मोठी माणसं संगणक शिकली ती खेळूनच, ही गोष्ट या भांडणात सगळे सोयीस्करपणे विसरतात. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर आला. माउसने वस्तू उचलून दुसरीकडे ठेवण्याची लोकांना सवय लागावी, हा त्यामागचा डाव होता असं सांगतात. दोन वर्षांनी विंडोजबरोबर सुरुंग हुडकण्याचा खेळही आला, डावं बटण आणि उजवं बटण यांतला फरक कळावा म्हणून. सॉलिटेअर लिहिणारा वेस चेरी तो लिहिताना कंपनीत उमेदवारी करत होता. त्याने खेळात एक चोरकळ ठेवली होती. साहेब येताना दिसला की ती दाबायची आणि पडद्यावर हिशेबाचा खोटा तक्ता उमटायचा. कंपनीने ती काढून टाकायला लावली. राहू दिली असती, तर आज महाराष्ट्रातल्या कित्येक कचेऱ्यांत कळफलकावरचं तेवढं एकच अक्षर झिजून पुसलेलं दिसलं असतं. "शाळेत संगणकावर खेळ कसले खेळता?" असं जे साहेब दरडावून विचारतात, त्यांचा स्वतःचा हात माउसवर बसला तो बदामच्या राणीच्या कृपेने.

आता समजा, मंठा तालुक्यात एक शाळा आहे. गणिताच्या पुस्तकाला 'समजा' म्हणायची मुभा असेल, तर लेखाला का नसावी? जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पुढे व्हरांडा, आवारात कडुनिंब आणि हातपंप, चहूकडे कपाशी नि सोयाबीन. या शाळेत एक संगणक आहे. तो लोकवर्गणीतून आलेला असल्यामुळे देणगीदारांची नावं त्याच्या अंगावर रंगवली आहेत आणि त्यांनी पडद्याहून जास्त जागा घेतली आहे. त्याच्यावर कुणाच्या तरी बहिणीने भरतकाम केलेलं कव्हर आहे. खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या असतात. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ चढते. गावातला देव नवसाला पावतो, हा लाइट असली तर.

अशा शाळेत संगणक काही आभाळातून पडत नाही. भारतात शाळाशाळांतून संगणक पोचवायचा पहिला मोठा सरकारी घाट १९८४ मध्ये घातला गेला, तेव्हा ब्रिटनहून बीबीसी मायक्रो नावाची यंत्रं आली होती; ती माध्यमिक शाळांसाठी होती. प्राथमिक शाळांची पाळी फार उशिरा आली. महाराष्ट्रात २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि गावोगाव शाळा 'डिजिटल' व्हायला लागल्या. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेचं नाव त्यात सर्वांत आधी गाजलं. त्याच सुमारास साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये काड्या, खडे, मणी आणि फरशीवर आखलेल्या चौकटी एवढ्या भांडवलावर मुलं विचार करायला शिकत होती, आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जात होत्या. परत येताना गाडीत चर्चा व्हायची ती आपल्या शाळेला प्रोजेक्टर कोण देईल याची.

समजा-शाळेतला संगणक सकाळपासून कामात असतो, फक्त ते काम मुलांचं नसतं. सरकारला शाळेची माहिती कळवायला यू-डायस भरायचं असतं. सरल पोर्टलवर मुलांची नावं चढवायची असतात. आज खिचडी किती जणांनी खाल्ली ते आजच कळवायचं असतं. पासवर्ड मागच्या महिन्यात बदलला होता, तो कुठल्या वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता हे आठवायचं असतं. मुलांना विचार करायला लावायचं म्हणून आणलेलं यंत्र दिवसभर गुरुजींना विचारात पाडतं.

प्राथमिकच्या पोरांनी या यंत्राशी खेळावं, ही कल्पना सर्वांत जोरकसपणे मांडली ती सीमोर पॅपर्ट यांनी. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले हे गणिती जीनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंबरोबर काही वर्षं काढून अमेरिकेत गेले, आणि १९६७ मध्ये वॉली फोयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनी 'लोगो' ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. तिच्यात पुढे एक कासव आलं. आधी जमिनीवर फिरणारं यांत्रिक, मग पडद्यावरचं. 'पुढे ५०, उजवीकडे ९०' असं सांगितलं की ते तेवढं चालतं, तेवढंच वळतं आणि मागे रेघ सोडत जातं. हेच चारदा सांगितलं की चौरस होतो.

मराठी मुलाला कासवाचं अप्रूप नाही. देवळात शिरलं की सभामंडपात दगडी कासव असतंच. त्याला नमस्कार करायचा आणि त्याच्यावर पाय द्यायचा नाही, एवढाच त्याच्याशी व्यवहार. पॅपर्ट यांचं कासव सांगितलेलं ऐकतं. त्याची खोडी अशी, की ते फक्त सांगितलेलंच ऐकतं. घरात "जरा तिकडं सरक" म्हटलं की धाकटा भाऊ सरकतो, कासव नाही. त्याला 'जरा' किती ते सांगावं लागतं आणि 'तिकडं' कुठं तेही. चौरस काढायला निघालेल्या मुलीच्या हातून भलतीच नक्षी उमटली, तर कासवाला बोल लावता येत नाही. आपण नेमकं काय बोललो, ते एकेक पायरी मागे जात तपासावं लागतं. पॅपर्ट यांच्या मते आपली चूक हुडकण्याची ही खटपट हाच खरा अभ्यास. आपल्याकडे चूक सापडली की तिच्याभोवती लाल गोल पडतो आणि तो विषय तिथे संपतो.

पॅपर्ट यांच्या विचारांवर पोसलेल्या मंडळींनी पुढे 'दर मुलामागे एक लॅपटॉप' ही मोहीम काढली. निकोलस निग्रोपाँटे तिचे म्होरके. शंभर डॉलरचा लॅपटॉप, वीज नसेल तर हँडल फिरवून चालणारा, असा गाजावाजा २००५ मध्ये ट्युनिसच्या जागतिक परिषदेत झाला. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी कौतुकाने हँडल फिरवलं, तर ते त्यांच्या हातातच आलं. प्रत्यक्ष तयार झालेल्या लॅपटॉपला मग हँडल उरलं नाही, आणि किंमतही शंभर डॉलरवर न थांबता दुपटीच्या आसपास गेली. भारनियमनात वाढलेल्या मराठवाड्याचं त्या हँडलमुळे मोठं नुकसान झालं म्हणायचं. ते फिरवायला इथे एकेका वर्गात चाळीस-चाळीस हात वळवळत होते.

भारताच्या मनुष्यबळ विकास खात्याने २००६ मध्ये या मोहिमेवर 'शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद' अशा अर्थाचा शेरा मारून तिला दारातूनच परत पाठवलं. तरीही २००७ च्या ऑक्टोबरात भारतातला पहिला प्रयोग झाला, आणि तो आपल्याच राज्यात. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातली खैराट-धनगरवाडा ही वस्ती. एक शाळा, एक गुरुजी, पहिली ते चौथी मिळून बावीसेक मुलं. प्रत्येकाला एक हिरवा-पांढरा लॅपटॉप, वर अँटेनाचे दोन कान. त्यात कासवाचा खेळ होता, जोड्या लावायचा खेळ होता, कॅमेरा होता. लॅपटॉप मुलाच्या मालकीचा आणि घरी न्यायचा, हे त्या मोहिमेचं तत्त्वच होतं. बाकीच्या महाराष्ट्रात संगणक-खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात आणि खिसा मुख्याध्यापकांबरोबर तालुक्याच्या मीटिंगला, अशा काळात ही गोष्ट फारच धाडसाची होती.

या लॅपटॉपांचं मोठं मोजमाप झालं ते पेरू देशात, खेड्यापाड्यांतल्या ३१९ शाळांमध्ये. २०१२ मध्ये निकाल आला. गणितात फरक नाही, भाषेत फरक नाही. पण बिनशब्दांच्या आकृत्यांची जी कोडी असतात, पुढची आकृती कोणती ते ओळखायचं असतं, त्यांत लॅपटॉपवाली मुलं थोडी पुढे गेली होती. म्हणजे विचार किंचित सुधारला आणि गुण होते तिथेच राहिले. जगभर याची बातमी 'प्रयोग फसला' अशीच झाली.

कासवाची परीक्षा तर याच्याही कितीतरी आधी झाली होती. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातले रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी वर्षभर लोगो खेळलेल्या मुलांना एक बेत आखायला सांगितला. वर्गातली कामं आहेत: फळा पुसायचा, झाडांना पाणी घालायचं, खुर्च्या जागेवर लावायच्या. कमीत कमी चालून ती उरका. लोगो आलेल्या आणि न आलेल्या मुलांच्या बेतांत काहीच फरक सापडला नाही. १९८४ मधल्या या निष्कर्षाने शिक्षणशास्त्रात बरीच खळबळ उडाली.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या वाचकाला इथे हसू येईल. ही परीक्षा मंठ्याच्या आसपास रोज सकाळी परिपाठाच्या आधी होते. कडुनिंबाखालचा पाला, हातपंपावरून पाण्याची बादली, कोपऱ्यातली दहा रोपं, फळा, खडूचा डबा. चौथीतला वर्गमंत्री बेत आखतो आणि त्यात फेऱ्या कमी करण्याला दुय्यम महत्त्व असतं. मुख्य प्रश्न, बादली दुसऱ्याच्या हातात कशी जाईल. तिसरीतल्या एखाद्याला पाणी प्यायला जायचंच आहे, मग बादली त्याने न्यावी. फळा पुसायला उंच मुलगी लागते, म्हणून ती रोपांच्या यादीतून सुटते. आपण कोण? आपण देखरेख. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी या बेताला किती गुण दिले असते कोण जाणे, पण मंठ्यात असं पोरगं मोठं होऊन हमखास निवडणुकीला उभं राहतं.

या सगळ्या उदास निकालांत एक वडोदऱ्याचा निकाल उठून दिसतो. गुजरात सरकारने २००० मध्ये तिथल्या शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. त्यांतले बहुतेक वापराविना पडून होते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. 'प्रथम' संस्थेने ते उघडले. चौथीची मुलं, आठवड्याला दोन तास, गणिताचे खेळ, प्रत्येक यंत्रापुढे दोन मुलं. २००२ ते २००४ या काळात बॅनर्जी, डुफ्लो आणि मंडळींनी मोजमाप केलं. संशोधकांच्या मापात पहिल्या वर्षी गणिताचे गुण ०.३५ने वाढले आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ने. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी उडी क्वचितच दिसते. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिलं, तर वाढीतला बराचसा भाग ओसरला होता. थोडा उरला होता. पाढ्यांचंही तसंच होतं, पण पाढ्यांवर कुणी अहवाल लिहीत नाही.

वडोदऱ्यातली नजरेतून निसटणारी गोष्ट म्हणजे त्या यंत्रापुढची दोन मुलं. अहवालात ते एक वाक्य आहे; समजा-शाळेत तीच सगळी गोष्ट आहे. इथे एका माउसमागे पाच जण असतात. एकाच्या हातात माउस. दुसरा बोट दाखवतो आणि काचेवर डाग पाडतो. तिसरी म्हणते, "तसं नव्हं." चौथा मागून म्हणतो, "मला द्या, मी दावतो." पाचवा पहारा देतो, गुरुजी आले का ते बघायला, त्याची पाळी सर्वांत शेवटी म्हणून त्याचा पहारा सर्वांत कडक. ज्याच्या हातात माउस आहे त्याला विचार करायची गरज पडतेच असं नाही, तो नुसता दाबत सुटू शकतो. विचार करावा लागतो तो "तसं नव्हं" म्हणणारीला. तिच्या हातात काही नाही, त्यामुळे तिला बोलून पटवून द्यावं लागतं. आणि बाकीचे तिला मंठ्याकडचा सर्वांत जड प्रश्न विचारतात: "कामून?"

मग का ते तिला सांगावं लागतं.

दर मुलामागे एक लॅपटॉप दिला की हा 'कामून' नाहीसा होतो. मुलं शांत बसतात, पाहुण्यांना शाळा फार आवडते, फोटो छान येतात. पाच जणांत एक माउस असला की गोंगाट होतो आणि शेरेबुकात 'वर्गात शिस्त हवी' असं येतं.

मुंबईच्या आयआयटीत श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या आसपास 'कॉम्प्युटर मस्ती' नावाची शालेय पुस्तकं तयार केली, ती या बाबतीत शहाणी होती. तेजस आणि ज्योती ही दोन मुलं आणि मॉझ नावाचा बोलका उंदीर यांच्या गप्पांतून ती पुढे सरकतात. संगणकाचे भाग पाठ करण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने विचार करणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि कुठलीही कंपनी पैसे मागणार नाही असे मुक्त खेळ ती वापरतात. चित्रांसाठी टक्स पेंट, खेळांसाठी जीकॉम्प्री. या जीकॉम्प्रीत हनोईचा मनोरा आहे. तीन खुंट्या, एका खुंटीवर मोठी चकती खाली, लहान वर अशी रास. ती दुसऱ्या खुंटीवर न्यायची. एका वेळी एकच चकती उचलायची. लहानीवर मोठी ठेवायची नाही.

हे कोडं फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये काढलं आणि खपावं म्हणून काशीच्या देवळाची एक कथा त्याला जोडून दिली. तिथले पुजारी म्हणे सोन्याच्या ६४ चकत्या हलवत आहेत, ते काम संपलं की जग संपेल. सेकंदाला एक चकती या वेगाने त्याला सुमारे ५८ हजार ५०० कोटी वर्षं लागतील. सरकारी कामाच्या मुदतवाढीची सवय असलेल्या माणसाला हा आकडा घाबरवत नाही. मुलांना तीन चकत्या पुरतात, आणि त्यांना सात चाली लागतात. आठ चालींत केलं तरी काम होतं, पण मग कुणीतरी म्हणतं, "मी सातात केलं," आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. खेड्यातल्या पोरीला हे लवकर उमगतं, कारण आजीच्या घरची उतरंड तिने पाहिलेली असते: मोठं मडकं खाली, त्यावर लहान, सर्वांत वर लिंबाएवढं. खालच्या मडक्यातलं काही हवं असेल तर काय काय खाली उतरवावं लागतं, हे आजीने तिला कळफलकाशिवाय शिकवलेलं असतं.

लाइट गेल्यावरही चालणारे खेळ आहेत, ही त्याहून मोठी सोय. एसीएम इंडियाने २०१६ मध्ये 'सीएसपाठशाला' सुरू केली. तिचा भर संगणकाविना संगणकी विचार शिकवण्यावर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पायाभूत टप्प्यापासून कोडी नि खेळ वापरून गणिती आणि संगणकी विचार रुजवा, असं म्हटलं आहे. प्रत्यक्ष कोडिंग मात्र मधल्या टप्प्यात, सहावीपासून. मग समजा-शाळेच्या आवारात खडूने चौकटी आखल्या जातात. एक मुलगा कासव होतो, दुसरी हुकूम सोडते. "दोन पावलं पुढं. उजवीकडं वळ. तीन पावलं पुढं." कासव इमानदारीत हातपंपावर जाऊन आदळतं आणि तिथेच उभं राहतं, कारण थांब म्हणून कुणी सांगितलेलं नाही. हुकूम सोडणारीची जी फजिती होते, ती पाहायला गावातली म्हातारी माणसंही कट्ट्यावरून उठून येतात. कासव झालेल्या मुलाला मात्र आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं तेवढंच केल्याबद्दल शाबासकी मिळते.

सीएसपाठशाला भारतात 'बेब्रास' नावाची कोड्यांची स्पर्धाही घेते. ती मूळची लिथुएनियाची, २००४ मध्ये व्हालेंटिना डागिएने यांनी सुरू केलेली. तिच्यातल्या कोड्यांमध्ये बीव्हर नावाचे प्राणी ठायी ठायी भेटतात. ओंडके मोजतात, वाटा शोधतात, गुप्त निरोप पाठवतात. मंठ्याच्या मुलांनी बीव्हर पाहिलेला असण्याचं कारण नाही, त्यामुळे कोड्याआधी प्राण्याचंच कोडं सुटावं लागतं. "उंदरासारखा असतो, मोठा. झाडं तोडतो, ओढ्यात आडवी घालतो आणि पाणी अडवतो." जलयुक्त शिवारच्या दिवसांत उमजायला लागलेल्या मुलांना हे लगेच पटतं. एकच शंका उरते, निविदा कोण काढतो.

घरी परतलं की मात्र हे सगळं एका शब्दात बुडून जातं. तो शब्द म्हणजे 'गेम'. बापाच्या लेखी २ सप्टेंबर २०२० ला बंदी आलेला पबजी आणि चकत्यांचा मनोरा यांत काही फरक नाही; दोन्ही बॅटरी खातात. याचा फायदा जाहिरातवाल्यांनी घेतला. 'मेंदू तल्लख करा' म्हणून खेळ विकणाऱ्या ल्युमॉसिटीच्या कंपनीला, दावे सिद्ध करता आले नाहीत म्हणून, २०१६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेला २० लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत व्हाइटहॅट ज्युनियरच्या जाहिरातींनी पहिली-दुसरीच्या मुलांच्या आयांची झोप उडवली. शेजारचं पोरगं म्हणे कोट्यवधींच्या नोकरीला लागलं आणि आपलं अजून दूध सांडतंय. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मंडळाने त्यांतल्या काही मागे घ्यायला लावल्या. मंठ्यात तोवर रेंज येऊन-जाऊन असल्यामुळे जाहिरात अर्धीच दिसायची, त्यातून बरेच जण वाचले.

दिल्लीतला एक अभ्यास या गोंधळात खरा कामाचा आहे. २१४ बालवाड्यांपैकी काहींतल्या मुलांना चार महिने संख्या आणि आकार यांचे खेळ खेळवले. त्यांना संगणक नव्हता, पत्ते आणि पट होते. मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये छापला. खेळांतली हुशारी वर्षभर टिकली. पुढे पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात मात्र तिचा उपयोग झाला नाही. खेळ आणि वही या दोन काठांमध्ये कुणी माणूस उभा नव्हता, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. पडद्यावरची तिसरी चकती कामून आधी उचलली, आणि शेळ्या विकल्यावर तूच सांग गोठ्यात जास्त राहतील की कमी, हे दोन्ही प्रश्न एकाच तोंडाने, एकाच दुपारी विचारणारा माणूस. समजा-शाळेत तो आहे. फक्त त्या दुपारी तो यू-डायस भरत असतो.

तर समजा, बारा चाळीस झाले आहेत. पाच जण मनोऱ्याच्या सहाव्या चालीवर आहेत आणि लाइट जाते. मधली सुट्टी होते, खिचडी होते, हात धुवून होतात, पण सहावी चाल डोक्यातून जात नाही. "तसं नव्हं" म्हणणारी पोरगी स्वयंपाकाच्या खोलीत शिरते. तिथे घासायला निघालेली तीन पातेली एकावर एक पडली आहेत: मोठं, मधलं, लहान. ती फरशीवर कोळशाने तीन गोल काढते. बाकीचे चौघे जमतात. पहारेकऱ्याला पहिल्यांदाच पहारा सोडून आत यायला मिळतं. लहान पातेलं तिकडं, मधलं इकडं, लहान त्यावर.

"काय चाललंय रं?" स्वयंपाकाच्या मावशी विचारतात.

"मावशी, ही सगळी तिकडच्या गोलात न्यायची हायती. सातच चालींत."

मावशी पदर खोचतात, पातेली पुन्हा एकात एक ठेवतात, तिन्ही एकदम उचलतात आणि तिकडच्या गोलात नेऊन आदळतात.

"झालं."

पाचही जण ओरडतात. "असं नाही चालत! एका वेळी एकच उचलायचं असतं!"

"कामून?"

पोरं एकमेकांकडे बघतात. शेवटी माउसवाला म्हणतो, "कॉम्प्युटरचा नियम हाय."

"मंग त्यालाच घासायला लावा," म्हणत मावशी हातपंपाकडे वळतात.